तुरळक ठिकाणी

आमच्या गावच्या दूध संस्थेच्या भिंतीवर काळ्या रंगाचा एक चौकोन रंगवलेला आहे. वर गाईच्या आणि म्हशीच्या फॅटचे दर, मध्ये सचिवांच्या सूचना, आणि अगदी खाली, जिथं लिहायला कमरेत वाकावं लागतं, तिथं वीतभर जागा. ती माझी. रोज संध्याकाळी दूध घ्यायला सुरुवात व्हायच्या आधी मी तिथं खडूनं उद्याचं हवामान लिहिते.

हे काम मला कुणी दिलेलं नाही. माझं काम फॅटच्या मशीनवर बसायचं. नमुना मशीनला लावायचा, आकडा बघायचा, पावती हातात द्यायची. पण मी बी. ए. झाले ती भूगोल घेऊन, आणि कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात रांगेतल्या एकानं विचारलं, "काय शिकून आलीस म्हणायची कोल्हापुरातनं?"

"भूगोल."

"म्हंजे नकाशे व्हय?"

"नकाशे असत्यात, हवामान असतंय, समदंच असतंय."

"मग सांग की उद्या पाऊस हाय का न्हाय. माझं खत टाकायचं ऱ्हायलंय."

मी मोबाइलवर सरकारी अंदाज उघडला आणि वाचून दाखवला. तो खरा ठरला. दुसऱ्या दिवशी तिघांनी विचारलं, चौथ्या दिवशी अख्ख्या रांगेनं. तेच तेच सांगून घसा बसायला लागला म्हणून मी खडू उचलला. खरं तर मोबाइल सगळ्यांच्याच खिशात आहे. पण त्यावर एकाच दिवशी एक जण ढगफुटी पाठवतो आणि दुसरा दुष्काळ. फळ्यावर लिहिलेलं कुणी लिहिलंय ते गावाला माहीत असतं, आणि चुकलं तर ती मशीनमागे बसलेली सापडते.

मी पदवीधर आहे आणि ते मी सांगते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. आजोबा अंगठा उठवायचे, वडिलांची शाळा सातवीत सुटली, आई हुपरीहून येणाऱ्या पैंजणांना घरी बसून घुंगरं जोडते. तीन वर्षं मी हुपरीवरून येणाऱ्या एसटीत उभी राहून कोल्हापूरला गेले. तिथं 'मी येते, मी जाते' म्हणायला शिकले. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, आणि कॉलेजात त्यावर पोरी फिदीफिदी हसायच्या. गावात परत आल्यावर जीभ आपोआप 'येतो-जातो'वर आली. लिहिताना मात्र मी 'येते' लिहिते.

पदवीचं प्रमाणपत्र वडिलांनी प्लास्टिकमध्ये घालून आणलं आणि टीव्हीच्या वर खिळा मारून लावलं. आमच्याकडं शेतात ढिगावर घालायच्या ताडपत्रीलाही कागदच म्हणतात. 'कागद घाल', 'कागद उडाला', 'कागद फाटला'. त्यामुळं वडिलांना आयता विनोद मिळाला. कोण पाहुणा आला की म्हणायचे, "हा बगा आमच्या पोरीचा कागद. ह्यो पावसात न्यायचा नसतोय."

आता अण्णांचं सांगते.

अण्णा आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. जैन शेतकऱ्यांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मुलं पुण्यात नोकरीला. घरात अण्णा आणि त्यांची बायको, जिला सगळं गाव आक्का म्हणतं. दोघांचं एक काम गावात दुसरं कुणी करत नाही: ते सोयाबीनचं घरचं बियाणं धरतात. दुकानातल्या पिशवीवर त्यांचा विश्वास नाही. शेताचा एक चांगला तुकडा बियाण्यासाठी राखायचा, वेगळं रोप दिसलं की उपटून टाकायचं, कापायचं हातानं आणि मळायचंही हातानं. मळणी मशीनचा दणका सोयाबीनच्या पातळ सालीला सोसत नाही. दाणा वरून धड दिसतो आणि जमिनीत गेल्यावर कुजतो. म्हणून अण्णा आणि आक्का खळ्यावर समोरासमोर बसून काठीनं शेंगा बडवतात. निघालेलं चार पोती बी गल्लीतली सहा-सात घरं जूनमध्ये पेरतात. आमच्या रानातलं सोयाबीनही अण्णांच्याच बियाचं.

पण कापल्यापासून बडवेपर्यंत त्याला दोन कडक उन्हं लागतात. आणि त्या दोन दिवसांत ते भिजता कामा नये. भिजलं तर तेल गाळायला जातं, पेरायला जात नाही.

दसरा होऊन गेला होता. ऑक्टोबरचं ऊन दुपारी पाठ भाजून काढत होतं. अण्णांनी सोमवारी बियाण्याचा तुकडा कापला. मंगळवारी दुपारी मी अंदाज उघडला. दोन दिवस जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह जोरदार पाऊस, असं होतं. आता हे 'तुरळक ठिकाणी' म्हणजे काय ते मला नीट माहीत होतं. आमच्या सरांनी वर्गात ते फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढून समजावलं होतं. नकाशात त्यांनी इथं-तिथं चार-पाच ठिपके दिले आणि म्हणाले, पाऊस एवढ्याच ठिकाणी. पण ठिपक्याखाली जो आहे त्याच्यासाठी तो काही तुरळक नाही. परीक्षेत मी हे लिहिलं होतं आणि मार्कही मिळाले होते.

त्या दिवशी फळ्यावर गर्दी होती. गावात जनावरांना लाळ्या-खुरकताची लस द्यायला डॉक्टर येणार होते, पशुखाद्याची गाडी आली होती, आणि सचिवांनी दोन्ही सूचना ठळक अक्षरांत माझ्या जागेपर्यंत उतरवल्या होत्या. मला उरली एक ओळ. मी तिच्यात बसेल एवढं लिहिलं: 'उद्या, परवा: तुरळक पाऊस. विजा.'

'ठिकाणी' गाळलं. 'जोरदार'ही गाळलं. लिहिताना मनाला टोचलं असं म्हणेन तर खोटं होईल. काही टोचलं नाही.

अण्णा रोज रांगेत पहिले असतात. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण होतं, म्हणून पाचच्या ठोक्याला किटली घेऊन हजर. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकून माझी ओळ वाचली आणि मशीनजवळ आले.

"पोरी, तुरळक लिवलंयस न्हवं?"

"व्हय."

"म्हंजे आपलं चार थेंब. धूळ बसंल येवडा."

मागं रांग वाढली होती. एका म्हशीच्या दुधाचा आकडा मशीन दाखवत नव्हतं आणि तिचा मालक माझ्या कानाशी 'परत लाव, परत लाव' करत होता. मी मान वर न करता म्हटलं, "तुरळक म्हंजे तुरळकच की अण्णा."

"मग बरं झालं," म्हणाले आणि किटली उचलून गेले.

काय बरं झालं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. आमच्या सोयाबीनचा ढीग रानात मळणी मशीनची वाट बघत पडला होता आणि आमचा कागद उंदरांनी चाळण केला होता. वडील सहज म्हणून अण्णांकडं विचारायला गेले, तर अण्णांनी त्यांचा नवाकोरा निळा कागद घडीसकट खांद्यावर दिला. वडील खूश होऊन सांगत होते, "म्हणालं, घेऊन जा, तुझ्याच पोरीनं लिवलंय तुरळक हाय म्हणून. माझं दोन सांजंला बडवून हुतंय."

मी भाकरी खात होते. अण्णांनी 'तुरळक'चा काय अर्थ घेतला ते समजलं. तरी मी काय केलं? काही नाही. घड्याळ बघितलं, डबा घेतला आणि संस्थेत गेले. जिल्हा एवढा मोठा, गावं एवढी, आपल्याच गावावर कशाला पडेल, असा हिशेब मी मनाशी केला. भूगोलाच्या पदवीधरानं.

बुधवारी पाचला अण्णा नेहमीप्रमाणे आले, दूध घातलं, गेले. ऊन चांगलं होतं. साडेपाचला वारा पडला. रांगेतल्या बायका पदरानं वारा घ्यायला लागल्या. मी दारात येऊन बघितलं, तर उगवतीकडं ढग चढत होता, खाली काळा आणि वर कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत चाललेला. कॉलेजात त्याचं लांबलचक नाव पाठ केलं होतं. त्या क्षणी ते आठवलं नाही, पण हा काय करणार ते कळलं. मी अण्णांना फोन लावला. वाजत राहिला. अण्णा जेवताना बोलत नाहीत आणि फोनही घेत नाहीत. मग वडिलांना लावला.

"अण्णाच्या खळ्यावर पळा. कागद न्या त्यांचा."

"आगं, त्यो आपल्या ढिगावर बांधलाय. सोडूपतोर..."

पुढचं ऐकू आलं नाही. संस्थेच्या पत्र्यावर पहिला दणका बसला आणि लाइट गेली. मशीन बंद, रांग बंद, सगळे भिंतीला चिकटून उभे. सचिव दारात उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "ह्यो तुरळक. मुसळधार लिवशील त्या दिवशी आमाला आदीच सांग बाई, आमी मुंबैला जातो."

सगळे हसले. मीही हसले असेन. अर्धा तास पडला. त्या अर्ध्या तासात गावाच्या ओढ्याला पाणी आलं. सातच्या एसटीनं हुपरीत चांदीकामाला जाणारे गावातले कारागीर उतरले ते धुळीनं माखलेले, चिखल बघून म्हणाले, "हितं पडला व्हय? हुपरीत टिपूस न्हाय." सरांचा नकाशा बरोबर होता. ठिपका आमच्यावर पडला होता.

गुरुवारी सकाळी मी आधी अण्णांच्या रानात गेले. खळ्यावर पाणी साचलेलं. शेंगा पाण्यात बसल्या होत्या. आक्का खालच्या थरातून ओंजळ ओंजळ काढून वरच्या बांधावर पसरत होत्या आणि अण्णा एकेक शेंग फोडून दाणा नखानं दाबून बघत होते. दाणा फुगला होता. मला बघून आक्का म्हणाल्या, "ये बाय. चिकलात नको येऊ, तितंच थांब."

मी थांबले नाही. चप्पल काढून आत गेले आणि सांगितलं. पावसाचा अंदाज बरोबर होता, फळ्यावर जागा नव्हती म्हणून मीच शब्द गाळला, 'तुरळक ठिकाणी' म्हणजे थोडा पाऊस नव्हे, थोड्या गावांत पाऊस. "आन् तुमी इचारलं तवा मला म्हाईत हुतं. तरी मी व्हय म्हणालो."

अण्णांनी आणखी एक शेंग फोडली. मग म्हणाले, "येक शबूद?"

"दोन. जोरदार पण गाळलं."

"डाक्टर जनावरांस्नी टोचणार हुता ती सूचना केवडी मोठी लिवली हुती. मी वाचली. आमच्या म्हशीला तर गेल्या महिन्यातच टोचलंय." त्यांनी हातातला दाणा फेकून दिला. "जा आता. दूध घ्यायची येळ झाली."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. शिव्या नको होत्या. बियाणं हवं होतं.

संस्थेत त्या दिवशी सचिव फॉर्मात होते. "आपल्या गावात कागद दोन. येक टीव्हीवर, दुसरा दुसऱ्याच्याच ढिगावर. आन् भिजलं कुणाचं?" मी फॅटचे आकडे मारत राहिले. त्याच वाक्यानं डोक्यात काहीतरी हललं. दुसऱ्याच्या ढिगावर. तो ढीग आमचा. कोरडा, अण्णांच्याच कागदाखाली. आणि त्यातलं सोयाबीन अण्णांच्याच बियाचं.

शुक्रवारी सकाळी मी रानात पोचले तेव्हा मळणी मशीन ट्रॅक्टरला जोडून उभं होतं. मी वडिलांना म्हटलं, "ढिगाचा वरचा चौथा हिस्सा बाजूला काढा. त्यो मशीनला न्हाय घालायचा."

"का म्हणून?"

"मी बडवतो."

वडिलांनी मशीनवाल्याकडं बघितलं. मशीनवाल्यानं तंबाखू मळता मळता विचारलं, "बडवणार कोण? ही?"

"हीच," मी म्हटलं.

"बी. ए. हाय न्हवं ही?"

"त्येच्यासाठीच बडवायलीया," वडील म्हणाले. त्यांना सगळं माहीत झालं होतं. त्यांनी चौथ्याऐवजी चांगला तिसरा हिस्सा बाजूला ओढून दिला.

मी संस्थेतून दोन दिवस सुट्टी घेतली. आईनं घुंगरांची टोपली बाजूला सारली आणि माझ्यासमोर येऊन बसली. सोयाबीन बडवणं दिसतं तेवढं सोपं नाही. जोरात मारलं तर दाणा दुभंगतो, हळू मारलं तर शेंग उघडत नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले. तिसऱ्या प्रहरी बांधावर अण्णा येऊन उभे राहिले. कुणी सांगितलं होतं की आपसूक आले होते, मी विचारलं नाही. पाच मिनिटं बघितलं त्यांनी.

"आगं, शेंगा बडवायलीस का जिमीन?"

"दाखवा की मग."

ते आले, माझ्या हातातली काठी घेतली आणि मनगट सैल सोडून मारून दाखवली. काठी पडते ती तिच्या वजनानं, आपण फक्त उचलायची. मग खाली वाकून निघालेले दाणे तळहातावर घेतले.

मी म्हटलं, "ह्ये तुमचंच बी हाय अण्णा. तुमच्याकडनंच नेलतं जूनमदी. कोरडं हाय. तुमी धरा."

"आमी दुसऱ्याच्या रानातलं धरत न्हाय," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याच्या रानात भेसळ असती."

आई म्हणाली, "भेसळ अण्णा तुमच्या रानात बी असंल. तुमाला दिसती म्हणून तुमी उपटता. हिकडं बी येऊन उपटली असती."

अण्णा हसले नाहीत, पण गेलेही नाहीत. सूर्य बघितला, जेवणाची वेळ झाली होती, तेव्हा उठले. जाताना म्हणाले, "उगवून बगू. तुमचं बी आन् आमचं बी. मग बोलू."

उगवण बघायची आमच्याकडची रीत साधी आहे. पोत्याचा तुकडा भिजवायचा, त्यावर दहा ओळींत दहा-दहा असे शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. अण्णांनी वाळवून बडवलेल्या भिजक्या बियाचा एक गुंडाळा आणि आमचा एक. दोन्ही आक्कांच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या घागरींशेजारी ठेवले. आक्कांनी आमच्या गुंडाळ्याला लाल चिंधी बांधली. शंभरातले सत्तर तरी उगवायला हवेत. त्याच्या खाली गेलं तर ते बियाणं म्हणून द्यायचं नाही, हा अण्णांचा नियम. स्वतःच्या रानातही पेरायचं नाही.

ते सहा दिवस मी फळ्यावर रोज लिहीत होते. 'उघडीप.' 'उघडीप.' 'निरभ्र.' दोघा-तिघांनी वाचून झाल्यावर वर आभाळाकडं बघितलं.

सहाव्या दिवशी सकाळी आक्कांनी बोलावलं. अण्णा पाटावर बसले होते, चष्मा लावून. आधी त्यांनी स्वतःचा गुंडाळा उघडला. वास आला तेव्हाच कळलं. तरी त्यांनी एकेक मोजला. मोड आलेले एकोणचाळीस. त्यांनी परत मोजले. एकोणचाळीसच. मग लाल चिंधी सोडली. पांढरे, बोटभर मोड, एकमेकांत अडकलेले. अण्णा मोजत होते आणि आक्का ओठ हलवून त्यांच्या मागोमाग मोजत होत्या. अठ्ठ्याऐंशी.

"नव्वदला कमी," अण्णा म्हणाले. त्यांचं नेहमी नव्वदच्या वर असतं.

"मला फोड आलते," मी म्हटलं.

"ते दिसतंय. बारा दाणं फुटल्यात त्यात." मग चिंधी परत बांधून गुंडाळा माझ्याकडं दिला. "धरू ह्येच. पन पुढच्या सालापास्नं तुमच्या रानात भेसळ उपटायला मी येणार. आदी सांगून ठेवतो."

आमचं बडवलेलं दोन पोतीच भरलं. दरवर्षी अण्णांचं चार भरतं. अण्णांची भिजलेली चार पोती तेलाला गेली. जूनमध्ये गल्लीतल्या तिघांना बियाणं दुकानातून आणावं लागलं, आणि त्यातल्या एकाचं नीट उगवलं नाही. तो अजून मला दारात भेटला की 'काय तुरळक, कसं काय?' अशी हाक मारतो. मी 'बरं हाय' म्हणते. बाकीच्यांचं उगवलं. आमचं आणि अण्णांचंही.

मी एवढंच केलं की सचिवांशी भांडून फळ्यावरची माझी जागा वाढवून घेतली. आता तीन ओळी आहेत. चौकटीला पांढरा रंग मारून घेतलाय, सूचना तिच्यात उतरत नाहीत. 'ठिकाणी' हा शब्द मी गाळत नाही.

त्यानंतरच्या ऑक्टोबरची गोष्ट. अण्णांनी बियाण्याचा तुकडा कापला होता. मी लिहिलं: 'उद्या तुरळक ठिकाणी विजांसह जोरदार पाऊस. म्हणजे सगळीकडं नाही. पण जिथं पडेल तिथं जोरात पडेल.' अण्णा पाचच्या ठोक्याला आले, चष्मा खाली घेतला, वाकले. तिन्ही ओळी वाचल्या. मग मशीनजवळ आले.

"ठिकाणी लिवलंयस."

"व्हय."

"मग ठिकाण कंचं ते बी लिव की."

"ते मला बी न्हाय ठावं अण्णा. कुणालाच नसतंय."

त्यांनी किटली मापाला लावली, पावती घेतली, घडी करून टोपीत ठेवली. दारातून परत वळून म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, औंदा कागद मागायला यायचं न्हाय," आणि घराकडं न जाता आधी रानाकडं गेले. जेवणाला अजून वेळ होता.